मुलाला दाखवता, तसं स्वतःलाही दाखवा

दारावरची बेल वाजली की काही घरांत आधी टीव्ही बारीक होतो. आई घाईघाईने केस सारखे करते, 'आता कोण आलं?' असं पुटपुटत बाबा आतल्या खोलीत निघून जातात. दार उघडल्यावर मात्र 'या या, बरं झालं आलात!' चार वर्षांचं पोर सोफ्याला टेकून हे सगळं बघत असतं. पाच मिनिटांत त्यालाच पुढे ढकललं जातं, 'काकांना नमस्कार कर, पोएम म्हणून दाखव.' ते आईच्या ओढणीत तोंड खुपसतं. 'फार लाजाळू आहे हो आमचा,' असं म्हणून विषय संपतो.

तमाम आईबाबांना माझी विनंती आहे, तो विषय तिथे संपवू नका. बेल वाजल्यापासून दार उघडेपर्यंत आपलं काय चाललं होतं, तेही एकदा आठवून बघा.

आधी एक भीती काढून टाकू. बुजरेपणा हा आजार नाही. काही मुलं जन्मतःच सावध असतात. नव्या जागी थोडा वेळ नुसती बघत बसतात, मग हळूच मिसळतात. त्यांना तेवढा वेळ द्या, बाकी काही करू नका. पण तोंडी परीक्षेच्या सकाळी नेमकं पोट दुखतं आणि रविवारी कधीच दुखत नाही, बाईंना विचारावं लागेल म्हणून मुलगी दिवसभर लघवी रोखून धरते, उत्तर येत असूनही वर्गात हात वर होत नाही, आणि असं सहा-सहा महिने चालू राहतं, तेव्हा ती नुसती लाज नसते. ती सोशल अँग्झायटी, म्हणजे लोकांसमोर जाण्या-बोलण्याची जास्तीची भीती असू शकते. 'मोठा झाला की सुटेल' म्हणून ती अंगावर काढू नये.

ही भीती मुलात कुठून येते? थोडी रक्तातून, पण सगळी नव्हे. इंग्लंडमधल्या लीन मरे, पीटर कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाशी एकदा मोकळेपणाने आणि एकदा बिचकत बोलायचं, असं काही आयांना शिकवलं होतं. त्यांची बाळं जेमतेम वर्ष-सव्वा वर्षाची, ती हे बघत होती. आई बिचकत बोलली, की त्यानंतर बाळही त्या अनोळखी माणसाला जास्त घाबरायचं, टाळायचं. या आया मुळात घाबरट नव्हत्या, हे लक्षात घ्या. बोलताही न येणारं मूल जर आपल्या चेहऱ्यावरून जग ओळखत असेल, तर 'लोक काय म्हणतील' हे वाक्य रोज ऐकणाऱ्या सात वर्षांच्या मुलाचं काय होत असेल?

यात आईलाच धरून बसू नका. सोसायटीची मीटिंग वर्षानुवर्षं टाळणारे, लग्नात कोपऱ्यातली खुर्ची पकडून मोबाइलमध्ये मान घालणारे बाबाही मूल बघत असतंच. त्यांच्या चिंतेला घरात 'स्वभाव' म्हणतात, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट प्रेमापोटी होते. कुणी मुलाला विचारतं, 'काय रे, नाव काय तुझं?' मूल तोंड उघडायच्या आत आपण उत्तर देऊन मोकळे. हॉटेलात त्याची ऑर्डर आपण देतो, मित्राच्या वाढदिवसाला जायचं नाही म्हणतो तर त्याच्या वतीने फोन करून ताप आल्याचं सांगतो. त्या क्षणी सगळ्यांची सुटका होते, भीती मात्र जिथल्या तिथे राहते. अमेरिकेत येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी १२४ चिंताग्रस्त मुलांवर अभ्यास केला. एका गटात मुलांवर थेट उपचार झाले, दुसऱ्या गटात फक्त पालकांना शिकवलं, मुलांना थेरपिस्टकडे बसवलंच नाही. दोन्ही गटांतली मुलं सारखीच सुधारली. मला यात फार मोठा दिलासा वाटतो. मूल डॉक्टरकडे यायला तयार नसलं, तरी सुरुवात करता येते.

म्हणून नाव विचारलं की मनात दहा आकडे मोजा आणि गप्प राहा. वाण्याकडे बिस्किटाचा पुडा घ्यायला त्याच्या हातात पैसे द्या, आपण दोन पावलं मागे थांबा. त्याच्यादेखत 'लाजाळू' हा शब्द वापरू नका. चारचौघांत पोएम म्हणायला तर अजिबात लावू नका. आणि आपल्याला धडधडत असेल तर लपवू नका. 'मलाही जरा भीती वाटतेय, पण मी बोलून येते,' असं म्हणा आणि खरंच बोलून या.

पण आईबाबाच आतून खचलेले असतील, झोप उडाली असेल, तर हे सगळं जमणार कसं? तिथे स्वतःचा उपचार आधी. न्यूयॉर्कच्या मिर्ना वाइसमन यांच्या गटाने २००६ साली नैराश्यावर औषध घेणाऱ्या आयांच्या मुलांकडे लक्ष दिलं. ज्या आया तीन महिन्यांत बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांच्या तक्रारी कमी झाल्या. ज्या बऱ्या झाल्या नाहीत, त्यांच्या मुलांच्या वाढल्या. 'माझं काय, मुलाचं बघा' म्हणणाऱ्या प्रत्येक आईपर्यंत हे पोचायला हवं.

'आमच्या वेळी नव्हती ही थेरं' असं घरातलं कुणी म्हणेल, म्हणू द्या. तालुक्याहून जिल्हा रुग्णालयात जाणं जमत असेल तर तिथल्या मानसोपचार विभागात जा. जमत नसेल तर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मुलासाठी नंबर लिहून ठेवलात, तर पहिला फोन स्वतःसाठी करा.