खरा खलपुरुष कोण?

क्रमशः प्रसिद्ध होणारी एखादी अद्भुत चित्रकथा वाचावयास घेतली, कीं दोन-चार प्रकरणांतच वाचकाच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो : ह्या साऱ्या अनर्थाच्या मुळाशीं कोण आहे? नायक कोण हें लपून राहत नाहीं. खलपुरुष मात्र दडलेला असतो. पुढील अंक येईपर्यंत मित्रमंडळींत तर्क लढविणें, पैजा मारणें, ह्यांत मोठी मौज आहे. ती निंद्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ह्या शोधांत एक चूक सहज घडते, व तिच्याकडे वाचकांचें लक्ष वेधावें हा आमचा हेतु आहे.

उदाहरणार्थ, जपानांतील हिरोमु आराकावा ह्या लेखिकेची 'फुलमेटल अल्केमिस्ट' ही चित्रकथा घेऊं. ती २००१ पासून २०१० पर्यंत एका जपानी मासिकांतून क्रमशः येत होती व तिचे एकंदर २७ खंड झाले. मृत आईस परत आणण्याच्या हट्टापायीं एडवर्ड व आल्फोन्स हे दोघे भाऊ निषिद्ध किमया करितात. त्यांत थोरल्याचा एक हात व एक पाय जातो, धाकट्याचें सारें शरीरच जातें. गमावलेलें परत मिळावें म्हणून ते परिसाच्या शोधास निघतात. पण तो परीस जिवंत माणसांचे प्राण घेऊन बनतो, हें त्यांस पुढें कळतें.

प्रथम वाटतें, भोळ्या लोकांस फसविणारा लिओर गांवचा धर्मगुरु हाच दुष्ट. मग दिसतें, कीं तो केवळ दुसऱ्याच्या हातांतील बाहुलें होता. नंतर किमयागारांचे खून करणारा 'स्कार' समोर येतो. पण त्याच्या इश्वाली समाजाचा सरकारी सैन्यानें संहार केलेला असतो. त्या राज्याचा सर्वाधिकारी ब्रॅडली हा 'क्रोध' नामक कृत्रिम मानव निघतो. आणि सर्वांच्या मागें, राजधानीच्या भूगर्भांत, ज्यास हे कृत्रिम मानव 'पिता' म्हणतात तो सूत्रधार बसलेला असतो.

येथें सामान्य वाचक पुस्तक मिटून म्हणेल, "सांपडला चोर!" आमच्या मतें खरा विचार येथूनच सुरू होतो. ह्या पित्यानें पूर्णत्वाच्या हव्यासानें गर्व, लोभ, मत्सर, क्रोध, काम, खादाडपणा व आळस हीं सात महापातकें आपल्या अंगांतून बाहेर काढलीं व त्यांचे सात जीव निर्माण केले. आपल्याकडील षड्रिपूंची आठवण व्हावी अशीच ही कल्पना आहे. पण पातकें बाहेर टाकून तो निष्पाप झाला काय? मुळींच नाहीं. दोष दुसऱ्या कोणांत तरी घालून आपण शुद्ध झालों असें मानणें, हीच त्याची घोर चूक होय.

वाचकहि नेमकी हीच चूक करितो. इश्वालचें युद्ध पेटविणारी गोळी 'मत्सरा'नें सैनिकाचें सोंग घेऊन एका बालकावर झाडली, हें खरें. परंतु पुढें वस्त्या जाळल्या त्या रॉय मस्टंग ह्या माणसानें. नेम धरून माणसें टिपलीं तीं रायझा हॉकआय ह्या स्त्रीनें. दोघेंहि स्वभावानें दुष्ट नव्हतीं. आज्ञा झाली, ती त्यांनीं पाळली. कथेचा मोठेपणा हा, कीं हीं दोघें 'आम्ही फसलों' असें म्हणून हात झटकीत नाहींत. सत्ता हातीं आल्यावर युद्धांतील अपराधांचा न्याय व्हावा, आणि त्यांत आपणांसहि शिक्षा व्हावी, अशी त्यांची मनाची तयारी असते.

कोणी म्हणेल, आज्ञा मोडणाऱ्यास दंड होतो. मग शिपायानें करावें काय? आक्षेप क्षुल्लक नाहीं. त्याच युद्धांत आर्मस्ट्राँग नांवाचा अधिकारी तें क्रौर्य सहन न होऊन खचला व माघारीं पाठविला गेला. त्याच्या सख्ख्या बहिणीनेंहि त्यास भित्रा म्हणून हिणविलें. नकाराची किंमत द्यावी लागते, हें कथा लपवीत नाहीं. परंतु किंमत मोठी आहे म्हणून हस्तक निर्दोष ठरतो, असेंहि ती म्हणत नाहीं.

वाचकमित्रहो, खलपुरुषाचा शोध अवश्य करा. मात्र तो सांपडल्यावर आणखी एक प्रश्न विचारा : त्याच्या इच्छेप्रमाणें राबले ते हात कोणाचे? वर्गांत एखाद्या दुबळ्या मुलाची टवाळी होते, तेव्हां ती सुरू करणारा एकटाच असतो. हंसणारे आपण सर्व असतों. त्या हंसण्याचा जाब त्या एकट्यास विचारून भागणार नाहीं.