सुईची धमकी आता बंद करा

"जेवत नाहीस? थांब, सिस्टरला बोलावते. मोठ्ठी सुई देईल!"

हे वाक्य आम्ही किती घरांत ऐकले याचा हिशेब नाही. आणि ते आमच्या समोर, आमच्याकडेच बोट दाखवून म्हटले जाते. गृहभेटीला गेलो की चहा ठेवता ठेवता आई मुलाला आमची भीती घालते. मूल पदराआड लपते, घरातले सगळे हसतात. पूर्वी आम्हीही हसायचो. आता हसू येत नाही.

कारण सांगतो. आमच्या विदर्भात सिकलसेलचा आजार आदिवासी बांधवांत आहे तसा आपल्या बौद्ध समाजातही आहे, हे या पानाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. आमच्या माहितीतल्या एका वस्तीत सहा वर्षांची सिकलसेलग्रस्त मुलगी आहे. लहानपणापासून रक्त काढणे, सलाईन लावणे तिच्या पाचवीला पुजलेले. एका पावसाळ्यात तिला ताप आला. आईने घरात होती ती तापाची गोळी दिली. दुसऱ्या दिवशीही ताप. तिसऱ्या दिवशी आम्ही सहज तिकडे गेलो तर पोर निपचित पडलेली, श्वास भरभर चाललेला. आम्ही विचारले, दोन दिवस काय केले? आई म्हणाली, "ताई, दवाखान्याचं नाव काढलं की पोट्टी खाटेखाली शिरते. ओढून नेलं तर रस्ताभर बोंबलते. लोक पाहतात. म्हटलं, उतरेल ताप."

मुलगी वाचली, पण आठ दिवस भरती ठेवावी लागली. सिकलसेलमध्ये प्लीहा, म्हणजे पोटाच्या डाव्या बाजूचा रोगजंतू गाळणारा अवयव, लहान वयातच निकामी होऊ लागतो. त्यामुळे इतर मुलांना जो ताप दोन दिवस घरी काढता येतो, तो या मुलांना काही तासांत जिवावर बेतू शकतो. १०१ च्या वर ताप गेला की त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा असतो. ते त्या आईला माहीत नव्हते असे नाही. कार्यशाळेत ती पहिल्या रांगेत बसलेली होती. तिला अडवले ते लेकीच्या भीतीने, आणि ती भीती घातली होती घरातल्यांनी आणि आम्ही दवाखान्यातल्यांनी मिळून.

म्हणून आमचे म्हणणे असे की, मुलाची दवाखान्याची भीती ही लाडाची किंवा हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. औषध वेळेवर पोहोचते की नाही, याचा तो प्रश्न आहे.

आधी घरातले बोलू. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला आजार का होतो हे कळत नाही. आपण काही वाईट केले म्हणून आपल्याला दुखते आहे, असे त्याला सहज वाटते. त्यात आपण रोज सांगतो की, ऐकले नाहीस तर सुई मिळेल. मग ज्या दिवशी खरेच सुई द्यायची वेळ येते, त्या दिवशी ते मूल उपचाराला जात नसते, शिक्षा भोगायला जात असते. ते ओरडणार नाही तर काय करणार?

दुसरी सवय खोटे बोलण्याची. "चल, मामाकडे जाऊ" म्हणून रिक्षात बसवायचे आणि उतरवायचे आरोग्य केंद्रासमोर. "काही दुखत नाही, मुंगी चावते फक्त." मुंगी नाही हे मुलाला सुई टोचताक्षणी कळते. त्यानंतर ते आईवर, सिस्टरवर आणि मामावर, तिघांवरही विश्वास ठेवत नाही. दर रविवारी विहारात आपण पंचशील घेतो. खोटे न बोलण्याचे चौथे शील मोठ्यांशी बोलतानाच पाळायचे आणि चार वर्षांच्या मुलाशी नाही, असे त्यात कुठे आहे? खरे सांगता येते. "सुई टोचेल, थोडे दुखेल, पाच आकडे मोजेपर्यंत संपेल, मी तुला धरून बसेन." एवढे पुरते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला हे निघण्याच्या थोडे आधी सांगावे. आठवडाभर आधी सांगितले तर ते आठवडाभर घाबरत राहते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगावे, म्हणजे त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो.

एक तिसरी गोष्टही आहे, लिहायला संकोच वाटतो पण लिहितो. दवाखान्यातून आल्यावर मूल रात्री दचकले की आजही काही घरांत मीठ-मोहरी ओवाळली जाते. भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची तसबीर आणि खाली चुलीत मोहरी तडतडते आहे! मूल दचकते कारण त्याला चार जणांनी दाबून धरलेले असते. त्याला जवळ घेऊन "आज तुला भीती वाटली ना, सांग काय झाले" एवढे विचारले तर मोहरी भाजीला उरेल.

आता दवाखान्याचे बोलू, कारण सगळा दोष आईच्या पदरात टाकणे सोपे असते. मूल आईचा चेहरा वाचते. आणि आपल्या वस्तीतली आई दवाखान्याची पायरी चढते तेव्हा तिचा चेहरा कसा असतो? केसपेपरवर आडनाव सांगताना आवाज खाली जातो. वस्तीचे नाव सांगितले की समोरच्याच्या भुवया हलतात. "तुम्ही लोक वेळेवर येत नाही" हे ऐकून घ्यावे लागते. हा ताण कडेवरच्या मुलाला कळतो. त्याला जात कळत नसेल, पण आईचा हात घट्ट झालेला कळतो.

हा ताण आजचा नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत काठेवाडमधल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिगत दिली आहे. त्या शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर मोठ्या मिनतवारीने आला, पण वस्तीत यायला आणि तिला हात लावायला तयार नव्हता. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात लांबूनच न्यूमोनिया सांगितला, पुन्हा यायला नकार दिला. ती बाई मेली. आमच्या आज्या-पणज्यांना दवाखाना म्हणजे काय वाटत असेल, याची कल्पना यावरून यावी. ती भीती गोष्टींतून, वागण्यातून, गप्प बसण्यातून खाली आली आहे. आज थर्मामीटर हातोहात देत नाहीत. पण बाहीला चिमटीत धरून मुलाचा दंड पुढे ओढणारी बोटे आम्ही ड्युटीवर असताना पाहिली आहेत, आणि तीच बोटे दुसऱ्या मुलाच्या गालावरून फिरतानाही पाहिली आहेत.

म्हणून स्पर्श हा आमच्या दृष्टीने साधा विषय नाही. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्षूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी धुतले, खाटेवर निजवले, ही विनयातली कथा आपण विहारात ऐकतो. आजाऱ्याला कसा हात लावावा याचा धडा त्यात आहे आणि तो लसीकरणाच्या टेबलापर्यंत आणायला हवा.

आमचीही चूक कबूल करतो. लसीकरणाच्या दिवशी बाहेर साठ माता, आत एक टेबल. मूल आईकडून काढून घ्यायचे, आडवे झोपवायचे, एकीने पाय, एकीने हात धरायचे, "गप्प रे" म्हणून ओरडायचे, सुई द्यायची आणि पुढचे घ्यायचे. आम्ही वर्षानुवर्षे असेच केले. डिप्लोमाच्या तीन वर्षांत आम्हाला शिरा शोधायला शिकवले, स्नायूत कोणत्या कोनात सुई घालायची ते शिकवले, पण रडणाऱ्या मुलाशी काय बोलायचे याचा एक तास झाल्याचे आठवत नाही. आडवे दाबून धरले की मूल जास्त घाबरते, जास्त झटते आणि सुई हलण्याचा धोका वाढतो, हे आम्हाला फार उशिरा उमगले. जागतिक आरोग्य संघटनेने लस देताना होणारे दुखणे कमी करण्याविषयी २०१५ मध्ये सूचना काढल्या. त्यात आईने धरून बसणे आहे, अंगावर पाजणे आहे, जास्त दुखणारी लस शेवटी देणे आहे, सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे न ओढणे आहे. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत.

दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने या वयात बाळाला पेंटाव्हॅलंटची सुई मांडीत मिळते, सोबत बाकीच्या लसीही. त्या वेळी आईने बाळाला पाजायला घ्यावे, बाळ नीट ओढू लागले की मग सुई द्यावी, आणि नंतरही पाजत राहावे. सिस्टर "नंतर पाजा" म्हणाली तर नम्रपणे म्हणावे, "बाई, पाजता पाजताच द्या." हा आईचा हट्ट नाही, हक्क आहे. तोंडावाटे द्यायचे थेंब आधी देऊन घ्यावेत. घरी गेल्यावर ताप आला तर सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्यावे. सुईची जागा चोळू नये.

दीड वर्षाच्या आणि पाच-सहा वर्षांच्या बूस्टरच्या वेळी मूल मोठे असते. त्याला मांडीवर आपल्याकडे तोंड करून बसवावे, छातीशी कवटाळावे, त्याचे पाय आपल्या मांड्यांच्या मध्ये धरावेत. हा मिठीचा आधार आहे, कैद नाही, आणि फरक मुलाला लगेच कळतो. हातात भिरभिरे द्यावे आणि फुंकायला सांगावे. साबणाचे फुगे असतील तर आणखी बरे. लांब श्वास सोडताना अंग सैल पडते. "कोणता दंड, डावा की उजवा?" असे विचारता आले तर विचारावे. "सुई घेऊ का?" असे मात्र विचारू नये, कारण ते नाही म्हणेल आणि त्याचे नाही आपण मानणार नसतो. रडले तर रडू द्यावे. "मुलगा असून रडतोस?" म्हणणाऱ्या बापाला बाहेर बसवावे.

ज्यांची मुले सिकलसेल किंवा थॅलेसेमियाची आहेत त्यांना वारंवार रक्त द्यावे-घ्यावे लागते. त्यांनी डॉक्टरांना कातडी बधिर करणाऱ्या मलमाविषयी विचारावे. ते सुईच्या साधारण तासभर आधी लावावे लागते, म्हणून आधी ठरवून घ्यावे लागते, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान चालू आहे, वस्तीवस्तीत तपासणीसाठी रक्त घेतले जाते. बोटाला टोचण्याची ही मुलाची पहिली आठवण कशी घडते, यावर ते पुढे वर्षानुवर्षे गोळ्या घ्यायला आणि तपासणीला येणार की नाही हे बरेचसे ठरेल. तपासणीच्या रांगेत मुलांना मेंढरांसारखे उभे करणाऱ्या शिबिरांना आमचा म्हणूनच विरोध आहे, मग आयोजक आपलेच का असेनात. फलकावर नावे मोठी आणि मुलासाठी एक खुर्चीही नाही, अशी शिबिरे आम्ही जयंतीच्या महिन्यात पाहतो.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा बालस्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते. काही गावांत ती दिसली की मुले संडासामागे पळतात. एका अंगणवाडीताईने साधी युक्ती केली. गाडी यायच्या आधी चार दिवस तिने मुलांना बाहुलीची तपासणी करायला लावली. बाहुलीचे दात मोजले, पोट दाबले, कापसाने दंड पुसला. गाडी आली तेव्हा एका मुलीने डॉक्टरांना सांगितले, "आधी हात धुवा." डॉक्टरांनी धुतले.

हाच खेळ आम्ही आता रविवारच्या वंदनेनंतर विहारात घेतो. एक जुना स्टेथोस्कोप, कापूस, पट्टी, दोन बाहुल्या आणि औषधाच्या दुकानातून आणलेली नवी, सुई काढून टाकलेली सिरिंज. वापरलेली सिरिंज कोणीही, कितीही धुतली तरी, मुलांच्या हाती देऊ नये. ती सहा वर्षांची मुलगीही येते. पहिले तीन रविवार ती दाराशी उभी राहिली. चौथ्या रविवारी तिने बाहुलीला सलाईन लावले आणि बाहुलीच्या आईला, म्हणजे आमच्यातल्या एकीला, दटावून सांगितले, "रात्री ताप आला तर रात्रीच आणायचं."