हाकाऱ्याचा वाटा

भाताची झोडणी आटोपते, खळी रिकामी होतात, दिवाळीचे दिवे विझतात, आणि मग आमच्याकडे एक हंगाम सुरू होतो. पंचांगात तो सापडत नाही. कायद्याच्या पुस्तकात सापडतो, पण तेथे त्याची नोंद गुन्हा म्हणून आहे. तो शिमग्यापर्यंत चालतो. या हंगामात मुंबईचा काका रजा काढून गावी येतो, माळ्यावरची बंदूक खाली उतरते, तिला तेल लागते, आणि एरवी बांधावरून एकमेकांशी भांडणारे भाऊ एका रांगेत डोंगर चढू लागतात. याला आमच्या घरात 'रानात जाणे' म्हणतात. शिकार हा शब्द कोणी उच्चारीत नाही. ज्या गोष्टीचे नाव घेण्याचे आपण टाळतो, तिच्याबद्दल आपले मन काय सांगत असते, हे निराळे सांगायला नको.

शिकारकथा हा दिवाळी अंकांचा जुना मानकरी. मीही त्या चवीने वाचल्या आहेत. कथेतला काका नेहमी शूर असतो, जनावर नेहमी चतुर असते, आणि शेवटी एक तर बार लागतो किंवा काकाच्या डोळ्यांत पाणी येऊन बंदूक खाली येते. दोन्ही शेवट वाचकाला आवडतात, कारण दोन्हींत काकाच मोठा होतो. या कथांत ज्याचे नाव कधी येत नाही, त्याच्याविषयी मला लिहायचे आहे. तो म्हणजे हाकारी.

आधी आमच्या घराची कथा सांगतो, म्हणजे मी बाहेर उभा राहून दगड मारतो आहे असे कोणी म्हणू नये.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मुरूडच्या वरच्या अंगाला डोंगरात एक नर भेकर त्या साली फार दिसू लागले. भेकर म्हणजे बकरीएवढे तांबूस हरीण. शिंगे वीतभरही नसतात, आणि धोका दिसला की कुत्र्यासारखे भुंकते. या नराचे एक शिंग मोडलेले होते, म्हणून थोरल्या काकांनी त्याला 'एकशिंग्या' हे नाव ठेवले. नाव ठेवले आणि घराला वेड लागले. कार्तिकात तो आवळ्याखाली दिसला आणि बार होण्याआधी करवंदीच्या जाळीत शिरला. मार्गशीर्षात कुत्र्यांनी त्याला ओहळापर्यंत नेले, आणि तो उलटा फिरून हाकाऱ्यांच्याच मधून निघून गेला. पौषात तर त्याने समोरच्या उतारावरून अर्धा तास भुंकून सगळे रान सावध केले. रात्री जेवताना दुसरा विषय नसे. बाबा, दोन्ही काका, चुलतभाऊ आणि मी, इतकी वर्षे आम्ही कोणत्याच कामासाठी असे एकत्र आलो नव्हतो. तो आनंद खोटा होता असे मी आजही म्हणणार नाही. पहाटेची थंडी, चुलीवरचा काळा चहा, काकांनी मातीतला खूर बोटाने दाखवणे, हे सारे खरे होते. म्हणूनच तर ते सुटत नाही.

माघात एका संध्याकाळी हाका कमी पडत होता. त्या वर्षी कातकरवाडीतली बहुतेक घरे वीटभट्टीवर गेली होती. पाचवीच्या माझ्या वर्गातला एक मुलगा आजीपाशी मागे राहिला होता. त्याला हाक्याला ये म्हणून मीच सांगितले. गुरुजींनी सांगितले म्हणून तो आला. उजेड सरत आला होता. करवंदीची जाळी हलली. थोरल्या काकांनी एकनळीचा बार काढला. जाळीत एकशिंग्या नव्हता.

छरे मांडीत बसले होते. दवाखान्यात नेले तर कागद होतील, म्हणून नेले नाही. ओळखीच्या एकाने घरीच छरे काढले. सगळे निघाले नाहीत. आजीच्या घरी एक पोते तांदूळ गेले. मी शाळेत हजेरीपट उघडला आणि त्याच्या नावापुढे 'आजारी' असे लिहिले. एकोणीस दिवस लिहिले. नंतर नाव कमी केले. तो पुन्हा शाळेत आला नाही, आणि आजही चढावर पाय ओढीत चालतो.

दशरथाने शरयूच्या काठी पाण्याच्या आवाजावर बाण सोडला, तेव्हा त्याला वाटले हत्ती पाणी पितो आहे. श्रावणाच्या आईबापांपाशी तो स्वतः गेला आणि माझ्या हातून झाले म्हणाला. आमच्यापैकी कोणी आजीला तेवढेही म्हटले नाही.

आता शिकारीच्या वकिलांकडे वळतो. त्यांचे युक्तिवाद मला तोंडपाठ आहेत. ते मी आमच्याच ओटीवर ऐकत वाढलो.

पहिला युक्तिवाद परंपरेचा. "आपल्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय." बरे, चालत आले. पण कशाच्या जोरावर? फणसाडचे रान हे जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे राखीव शिकारीचे रान होते. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत तेथे बंदुकीचा मान नवाबाचा आणि त्याच्या पाहुण्यांचा. आपले आजे-पणजे त्या शिकारीत होते, यात शंका नाही. पण होते ते हाक्याला, डबे वाजवीत! नवाब गेल्यावर बंदूक आपल्या हाती आली आणि डबा आपण कातकऱ्याच्या पोराच्या हाती दिला. आपली परंपरा ती एवढीच. परंपरेचा हक्क सांगायचाच असेल, तर तो या डोंगरात आपल्याहून जुन्या असलेल्या आदिवासींनी सांगावा. पण त्यांच्यावरचा ऐतिहासिक अन्याय दूर करायला म्हणून जो वनहक्क कायदा २००६ साली झाला, त्यानेही वनोपजाचा हक्क दिला आणि शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. ज्याला ती भुकेपोटी करावी लागे त्याला जो हक्क नाही, तो पोट भरलेल्या आपल्याला कोणत्या न्यायाने मिळावा?

दुसरा युक्तिवाद फार चलाख आहे. "नवाबाने शिकारीसाठी रान राखलं, म्हणून तर ते वाचलं!" हे अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच पुऱ्या खोट्याहून वाईट. रान वाचले ते नवाबाच्या बंदुकीने नव्हे. इतर साऱ्यांच्या बंदुकी नि कुऱ्हाडी बाहेर ठेवल्या म्हणून वाचले. एकाच्या चैनीसाठी हजारांना बंदी, हा त्या राखणीचा हिशेब होता. १९८६ साली त्याच रानाचे अभयारण्य झाले, सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे. आज तेथे बिबट्या आहे, सांबर आहे, भेकर आहे, शेकरू आहे. उन्हाळ्यात चिखलगाणीसारख्या पाणवठ्यांवर जनावर उतरते. ज्या राखणीने ते टिकले, तीत आता एकाचीही चैन बसत नाही. फरक झाला तो एवढाच, आणि तो न्यायाच्या बाजूने झाला. कायदाही पायरीपायरीने तेथेच आला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात परवाना काढून काही जनावरे मारण्याची वाट शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद केली. एकशिंग्याच्या मागे आम्ही लागलो तेव्हा ती बंद होऊन बरीच वर्षे लोटली होती, आणि आम्हांला ते ठाऊक होते.

तिसरा युक्तिवाद पिकाचा. येथे मी आवाज खाली आणतो, कारण हे दुखणे खरे आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत वाल-कंदांचे वाफे नांगरून ठेवतो. नुकसानभरपाईचे अर्ज, पंचनामे, फेऱ्या यांत शेतकरी रडकुंडीला येतो. त्याच्यासाठी भांडावे तेवढे थोडे. पण पीक खाणाऱ्या जनावरासाठी कायद्याने रीतसर परवानगीची वाट ठेवली आहे. ती सोपी करा म्हणून मोर्चा काढा, मी पुढे चालेन. मात्र पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बंदूक शेताच्या बांधावर न बसता कोसभर वर डोंगरात, गळलेले आवळे खाणाऱ्या भेकराच्या मागे का फिरते, याचे उत्तर मला कोणी द्यावे. भेकराने आमच्या घरचे एक कणीसही कधी खाल्ले नव्हते.

चौथा युक्तिवाद रागाचा आहे, आणि तो ऐकून मलाही राग येतो. "शहरवाले येऊन डोंगर फोडतात, बंगले बांधतात, त्यांना कोण विचारतो?" कोणी विचारत नाही, हे खरे. अलिबागपासून काशीदपर्यंतचा किनारा पाहा. पण त्याच बंगल्यांत शनिवारी "रानाचं मटण मिळेल काय?" अशी विचारणा होते, आणि ती पुरवायला धावतो तो आपल्यातलाच कोणी. ज्याच्या नावाने बोटे मोडायची त्याचेच गिऱ्हाईक सांभाळायचे, याला स्वाभिमान म्हणत नाहीत.

मी मास्तर आहे. थोडे गणितही मांडतो. पुरे वाढलेले भेकर वजनाने वीस-पंचवीस किलो. साफ करून हाती राहते त्याच्या निम्मे. त्यात एक वाटा बंदुकीचा, एक बार लावणाऱ्याचा, एक कुत्र्यांचा, मग भावाभावांचे. उरते ते हाकाऱ्यांचे: मूठभर मांस आणि आतडी. यासाठी पंधरा-वीस माणसे चार महिने रानात. याच्या चौथ्या हिश्शाच्या मजुरीत बोकड आला असता. तेव्हा हे पोटासाठी नाही. आणि धरपकड झालीच, तर वाटे उलटे होतात: बंदूक माळ्यावर जाते, बार लावणारा मुंबईला जातो, आणि वाडीतला हाकारी पुढे केला जातो. हाकाऱ्याचा खरा वाटा हा आहे.

एकशिंग्याचे पुढे काय झाले, असे विचाराल. तो त्या साली सापडला नाही. पुढची तीन वर्षे काका एका शिंगाचे भेकर शोधीत राहिले. दुर्बीण लावून एक-दोन नर पाहिले आणि "हा तो नव्हे" म्हणून सोडून दिले. भेकराची शिंगे दर उन्हाळ्यात गळतात आणि पावसाळ्यात नवी येतात, हे मला पुढे एका पुस्तकात कळले. म्हणजे दुसऱ्याच वर्षी त्याला दोन शिंगे आली असणार, आणि ज्याच्यासाठी आम्ही एका पोराचा पाय घालवला तो कदाचित आमच्या समोरूनच चरत गेला असणार. रानाची आम्हांला एवढी ओळख होती! तीन पिढ्या शिकारी म्हणवणाऱ्या घराला, ज्याला मारायचे त्याची शिंगे गळतात हे ठाऊक नव्हते.

कोणी म्हणेल, या मातीत हे बदलणार नाही. का नाही? बाणकोटच्या खाडीपलीकडे वेळासला २००२ साली सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन समुद्री कासवांची घरटी राखायला घेतली. जेथे अंडी उकरून नेत, तेथे आता पिल्ले समुद्रात जाताना पाहायला माणसे दुरून येतात, गावातल्या घरांत उतरतात, जेवतात, पैसे देऊन जातात. आपल्याच म्हसळे तालुक्यातल्या चिरगावच्या लोकांनी गिधाडांची घरटी असलेली झाडे राखली. गिधाड तर कोणाला सुंदरही वाटत नाही. वेळासला नि चिरगावला काही निराळी माणसे राहत नाहीत. तीही आपल्यासारखीच, फक्त त्यांनी ठरवले.

ठरवणे म्हणजे काय, तेही सांगतो. ज्यांच्याकडे पिकाचा धोका उरला नाही त्यांनी परवाने परत करावेत. रानातले मटण कोणी आणून दिले तर ते दारातूनच परतवावे. वाटा घेणाराही हाक्यातलाच असतो. आणि खूर ओळखण्याची, वारा बघण्याची जी विद्या खरोखरच आपल्या रानातल्या माणसांपाशी आहे, तिला पगार द्यावा. वाडीतल्या तरुणाला रानाचा वाटाड्या म्हणून, राखणदार म्हणून, बारमाही काम हवे. दिवाळीपुरते डबे वाजवण्याचे नको.

हा लेख छापून आल्यावर घरात काय होईल ते मी जाणतो. धाकटा चुलतभाऊ आधीच म्हणाला, "दादा, तू येऊ नकोस पाहिजे तर, पण लिहू पण नकोस. काका आता नाहीत." काका नाहीत, हे खरे. मी आहे. बार त्यांनी काढला, पोराला बोलावले मी, आणि हजेरीपटावर खोटे लिहिले तेही मी. त्या खोट्याची भरपाई या चार पानांनी होते, असा माझा भ्रम नाही. पण निदान मौनाचा वाटा तरी यापुढे मला नको.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेल, तेव्हा मी नेहमीप्रमाणे हजेरी घेईन. वाडीतल्या पोरांची नावे घेताना डोंगराकडे कान असेल. एखादे पोर गैरहजर दिसले आणि वरून हाक्याचे डबे ऐकू आले, तर मी त्याच्या नावापुढे 'आजारी' लिहिणार नाही. 'हाक्याला नेले' असे लिहीन, नेणाऱ्याचे नाव घालीन, आणि तो कागद जेथे पोचवायचा तेथे स्वतः पोचवीन. नाव माझ्या घरचे असले तरी.