स्थूलता : रोग की दोष?

एखादा विद्यार्थी शरीराने स्थूल असला, की वर्गात त्याला टोपणनावे ठेवण्याची अहमहमिका लागते. तापाने फणफणलेल्या मुलाची चेष्टा कोणी करीत नाही. मग याचीच का व्हावी? स्थूलता हे खादाडपणाचे व आळसाचे फळ, अशी आपली पक्की समजूत असते म्हणून. ही समजूत कितपत खरी आहे?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल देहाचा विचार आहे. अतिभोजन, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप या कारणांसमवेत तेथे बीजस्वभावही, म्हणजे जन्मतः आलेला देहधर्मही, सांगितला आहे. १९९४ साली लेप्टिन या द्रव्याचा शोध लागला. शरीरातील चरबीतून निघून ते भुकेवर अंकुश ठेवते. ज्या विरळा बालकांच्या देहात ते निर्माणच होत नाही, त्यांची भूक शमत नाही. अशांना उपदेश काय कामाचा? त्यांना औषधच हवे. अमेरिकन वैद्यक संघटनेने २०१३ मध्ये स्थूलतेला रोग मानले, ते उगाच नव्हे.

तथापि सारा भार बीजावर टाकून चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत प्रमाणाहून अधिक वजन असलेल्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे १३ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २४ टक्के झाले. पंधरा वर्षांत बीज बदलत नाही. बदलली ती आपली राहणी. आमच्या गोव्यात नेवऱ्या चतुर्थीला होत. आता तळलेल्या पदार्थांची पुडी रोज दप्तरात असते. शेताच्या बांधावरून शाळेत येणारी पावले आता स्कूटरवर बसून येतात.

पण ही राहणी मुलाने निवडली काय? घरात बिस्किटांचे डबे भरतो कोण? परीक्षा जवळ आली, की खेळाचा तास गणिताला देतो कोण? आपण वडीलधारी माणसेच ना!

म्हणून माझे मत असे, की स्थूलतेला रोग मानावे, आणि तो टाळण्याची जबाबदारी प्रथम घराने व शाळेने उचलावी. पालकांनी दप्तरातील पुडीच्या जागी फळ ठेवावे. आम्ही शिक्षकांनी खेळाचा तास खेळालाच द्यावा. आणि विद्यार्थिमित्रांनो, आपल्या स्थूल सोबत्याला टोपणनावाने हाक मारू नका. त्याला आपल्या गड्यांत घ्या. हसण्याच्या भीतीने जो मैदानाबाहेर उभा राहतो, त्याला व्यायाम कोठून घडणार?