पप्पांसोबत ट्रिप?

दिवाळीची सुट्टी संपून होस्टेल पुन्हा भरलं की मेसमध्ये पहिले दोन-तीन दिवस एकच विषय असतो... कोण कुठे फिरून आला. कुणाचा गोवा, कुणाचं चिखलदरा. आमच्या विंगमधला एक मित्र मात्र गप्प जेवत होता. घरचा ख्रिस्ती, वडील शिक्षक. फारच खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "पप्पांसोबत मेळघाटात गेलो होतो. चर्चचं आरोग्य शिबिर होतं, आठ दिवस."

झालं! "काय बे, बापासोबत ट्रिप?" असं म्हणून टेबलावर हशा. त्यातच एकाने अर्धवट थट्टेत विचारलं, "मग किती लोकांचा धर्म बदलून आलास?" तो हसला नाही. म्हणाला, "जनरेटर रोज बंद पडत होता. तोच बघत होतो." आणि वरणाची वाटी पुढे ओढली.

मित्रांनो, त्या दिवशी हसणाऱ्यांत मीही होतो. म्हणून हा लेख.

शेगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला जाताना दौंड सुटलं की केडगाव लागतं. आपल्यातले कितीतरी जण इंटरव्ह्यूसाठी तिथून झोपेत गेले असतील! त्या केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, आजही चालू. शाळेच्या पुस्तकात रमाबाईंवर चार ओळी असतात. त्यांच्या मुलीवर, मनोरमेवर, एकही नाही.

खरं तर आईबापाबरोबर धर्मकार्यासाठी हिंडणं रमाबाईंना नवं नव्हतंच. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थामागून तीर्थ फिरायचे आणि पोरंही बरोबर चालायची. रमाबाई आईकडून संस्कृत शिकल्या त्या याच भटकंतीत. पुढे दुष्काळात आईवडील गेले. तरी भावाबरोबर पुराण सांगतच त्या 1878 साली कलकत्त्याला पोचल्या, आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हटलं. म्हणजे आधी त्या स्वतः 'सोबत नेलेलं मूल' होत्या, आई नंतर झाल्या.

मनोरमा 1881 ची. ती वर्षाचीही नव्हती तेव्हा वडील कॉलऱ्याने गेले. 1883 मध्ये रमाबाई तिला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि त्याच सप्टेंबरात वाँटेज गावी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. आई पंचवीस वर्षांची, विचार करून निर्णय घेणारी. मुलगी अडीच वर्षांची! तिला कुणी विचारलं होतं? इथे मला अडखळायला होतं, आणि रमाबाईंबद्दल आदर असूनही ते लपवावंसं वाटत नाही. (अर्थात आपली मुंज, बारसं तरी कोण विचारून करतं म्हणा.) पण मुलीला कसं वाढवायचं यावरून रमाबाईंनी तिथल्या सिस्टरांशीही पत्रांतून वाद घातले. आपली मुलगी परक्या देशातली होऊन परत यावी हे त्यांना नको होतं.

धर्मांतराचा प्रश्न मेसमध्ये थट्टेत निघाला तरी तो पोरकट नाही. 1889 साली मुंबईत सुरू झालेलं विधवांसाठीचं शारदासदन पुण्याला आलं, आणि 1893 मध्ये याच मुद्द्यावर रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार त्यातून बाजूला झाले. मोठ्या माणसांना जो प्रश्न छळत होता तो कुणी विचारला म्हणून चिडायचं कारण नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर ऐकेपर्यंत थांबायला हवं. जनरेटर दुरुस्त करणाऱ्याला आपण थांबून ऐकलं नाही.

मनोरमा अमेरिकेत शिकून 1900 साली परतली. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या होत्या, पाठोपाठ गुजरातचा दुष्काळ आला, आणि केडगावात जवळजवळ दोन हजार जणींचं घर झालं. स्वयंपाक, विणकाम, छापखाना, सगळं बायकाच चालवायच्या. तिथे मनोरमेने नुसतं 'बाईंची मुलगी' म्हणून मिरवलं नाही. ती शारदासदनाची मुख्याध्यापिका झाली. ब्रेल शिकून आली होती, ते अंध मुलींना शिकवायला घेतलं. आईला जे येत नव्हतं ते तिला येत होतं! पुढे गुलबर्ग्याला मुलींची शाळाही तिने काढली. मला वाटतं, आईबाप आणि मुलं एकत्र सेवा करतात त्याची खरी परीक्षा इथेच होते. पोराला त्याचं स्वतःचं काम मिळालं का, की तो फक्त बॅगा उचलायला होता?

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली आरोग्य प्रकल्प सुरू केला, खेड्यातल्या बायकांनाच आरोग्यसेविका बनवलं. त्यांची मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी याच कामात आले. आनंदवन तर आपल्या विदर्भातलंच.

पण हे गणित नेहमी सुटत नाही. रमाबाईंनंतर मुक्ती मिशन मनोरमा सांभाळणार हे सगळेच धरून चालले होते. 1921 च्या जुलैत मिरजेला ती गेली. वय चाळीस. रमाबाई तेव्हा हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणत होत्या. मुलगी गेल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही, पुरं करत आणलं, आणि 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या.

आता माझं. पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगावहून शेगावकडे निघते तेव्हा आमचे बाबा दरवर्षी गावच्या मंडळींबरोबर रस्त्यावर पाणी वाटतात. तीन वर्षं मी टाळतोय... कधी सबमिशन, कधी ताप. खरं कारण, मित्रांनी पाहिलं तर काय म्हणतील! मागे फोनवर ते 'येशीन काय' असं विचारायचे, मी हो-नाही करायचो. परवा मात्र वेगळंच बोलले. "ट्रॅक्टरवरच्या टाकीचा कॉक गयते लेका, निम्मं पाणी रस्त्यावरच जाते. तुले जमन काय पाहाले?"

त्या मित्राकडून पाइप पाना मागून ठेवलाय.