रजिस्टरवर सही करण्याआधी

गेल्या रविवारी दिघाशीत आमच्या ओसरीवर नऊ शिक्षक जमले होते, बहुतेक विनाअनुदानित शाळांतले. सगळे संघटनेचे सभासद, वर्गणीही वेळेवर भरणारे. पण व्यवस्थापनासमोर बसायची वेळ आली की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. म्हणून बोलणीचा सराव ठेवला. एक भाई चेअरमन झाले, बाकीच्यांनी पगाराचा प्रश्न मांडायचा.

पाच मिनिटांत गोंधळ! कुणी पगारावर, कुणी रजेवर, एकजण तर पंख्यांवर. 'चेअरमन' हसून म्हणाले, "आधी तुमचं ठरवा, मग या." खऱ्या बैठकीतही हेच ऐकावं लागतं.

दुसऱ्या फेरीत मागणी एकच, कागदावर. एकीने बोलायचं, एकीने टिपून घ्यायचं. "बघू" म्हटलं की उठायचं नाही, तारीख विचारायची. निवेदनाच्या प्रतीवर पोच घ्यायची आणि जे ठरलं ते त्याच दिवशी पत्राने कळवायचं.

त्यातल्या सर्वांत लहान शिक्षिकेने हळूच विचारलं, "आपा, सही एका रकमेवर घेतात, हातात कमी देतात. लेबर कोर्टात जाता येत नाही?" अब्बांचा लूम बंद, घर तिच्यावर. तिला खरं तेच सांगितलं. 1988 साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की औद्योगिक विवाद कायद्याखाली शिक्षक 'कामगार' नाही. आपल्याकडे खासगी शाळांसाठी 1977 चा सेवाशर्तींचा कायदा आहे. नोकरीवरून काढलं, तर 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायचं. ही मुदत भीतीपोटी किती जणांनी घालवली आहे! पण काढण्याआधीचं जे रोजचं आहे, ते बहुतेक समोरासमोर बसूनच सुटतं. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठीचा संप 14 तारखेला सुरू झाला, 20 ला मिटला, तोही बैठकीतच.

एका भाईंना झुकतं घेणं मान्य नव्हतं. मी हुदैबियाची आठवण दिली. कुरैशांतर्फे आलेल्या सुहैल बिन अम्र यांनी मसुद्यातल्या शब्दांवर हरकत घेतली, सहाबांना ते फार जड गेलं, तरी नबी करीम (सल्ल.) यांनी शब्द बदलू दिले आणि तह केला. भाई गप्प झाले. पटलं की नाही, सांगता येत नाही.

त्या मुलीची खरी बैठक येत्या शनिवारी आहे. सोबत चौघी जाणार आहेत. निवेदन तिनेच लिहिलंय, आधी उर्दूत, मग मराठीत.