पत्र्यावरचं चित्र

परवा पुतण्याच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. जेवण झकास, घर हवेशीर. सोफ्याच्या वर मात्र एक चकचकीत प्रकरण टांगलेलं. पिवळसर रंगाचे थर, मधूनच गडद आकार... वासुदेव गायतोंड्यांची आठवण यावी असं. पण ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर छापलेलं!

"काका, ब्रश्ड मेटल प्रिंट आहे. वर्षानुवर्षं रंग उडणार नाही."

"चित्रकार कोण?"

"ते काही लिहिलेलं नाही. ॲबस्ट्रॅक्ट आहे ना ते!"

मंडळी, माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. अमूर्त चित्र कुणी काढलेलंच नसतं की काय?

छापील चित्रांना माझा विरोध नाही. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, म्हणून तर लक्ष्मी-सरस्वती साध्यासुध्या घरांच्या भिंतींवर आल्या. कागद कितीही हलका असो, लक्ष्मी ती लक्ष्मीच. अमूर्त चित्रात अशी लक्ष्मी नसते. तिथे रंग, थर, पोत आणि उजेड एवढाच काय तो ऐवज. तोच बदलला तर उरलं काय?

गायतोंडे (१९२४–२००१) रोलर आणि सुरीने रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे. वर्षाकाठी मोजकीच चित्रं. त्यातला उजेड आतून झिरपल्यासारखा वाटतो. आणि पत्र्यावर? घासून उठवलेल्या रेघा चित्रभर. खाली पांढरी शाई दिली नसेल तर चित्रातला पांढरा रंगच गायब, तिथे नुसता पत्रा चमकतो. संध्याकाळी दिवे लागले आणि मला चित्राऐवजी ट्यूबलाइटचा लांबट पट्टा दिसला!

"मूळ चित्रं कोट्यवधींची. आम्ही भिंती रिकाम्या ठेवायच्या का?" सूनबाईंचा हा प्रश्न रास्त आहे. नाही, बाई. चांगल्या कागदावरची, परवानगीने छापलेली, खाली चित्रकाराचं नाव असलेली प्रत घ्या. नाहीतर तेवढ्याच पैशांत एखाद्या नवख्या चित्रकाराचं लहानसं मूळ चित्र घ्या. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या चित्रांवर वारसांचा हक्क असतो. नाव गाळून छापणं ही सजावट नव्हे, त्याला साधा मराठी शब्द आहे: चोरी. पोरांनी दुसऱ्याचा निबंध उतरवून आणला की मी वही परत करत असे. मोठ्यांना वेगळा नियम का?

पत्रा उतरव असं मी पुतण्याला म्हटलं नाही. शुभकार्यात कशाला वाद! पण हे तो वाचणार आहे, म्हणून गृहपाठ देतो. हे चित्र कुणाचं ते शोध आणि खाली चिठ्ठीवर लिही. सापडलं नाही तर 'चित्रकार: माहीत नाही' असं लिही. पाहुण्यांसमोर ते वाक्य रोज वाचवतंय का बघ.

दिवाळीला येतोय. वही तपासेन.